तीस मीटर, पूर्ण वेगानं : क्रीडा आयुक्तांना खुलं पत्र

प्रति,
मा. आयुक्त,
क्रीडा व युवक सेवा, महाराष्ट्र राज्य,
म्हाळुंगे-बालेवाडी, पुणे



मी कोल्हापुरात धावण्याचा प्रशिक्षक आहे. शंभर-दोनशे मीटर पळणाऱ्या मुलामुलींना शिकवतो. अलीकडे खो-खोचे, फुटबॉलचे, हॉकीचे संघही माझ्याकडे येऊ लागलेत. घेऊन येणारे शिक्षक बहुतेक वेळा एकच मागणं करतात : ‘जरा पोरांचा स्टॅमिना वाढवून द्या.’ वेग कुणी मागत नाही. हे पत्र त्या न मागितलेल्या वेगाबद्दल आहे. आपल्याकडचे सांघिक खेळाडू रोज भरपूर धावतात. पण ताज्या पायांनी, सरळ रेषेत, अंगात असेल तेवढ्या सगळ्या वेगानं ते क्वचितच धावतात. त्यामुळे सामन्यात गुण जातात आणि मांड्याही जातात. हे बदलायला फारसा पैसा लागत नाही, आदेश आणि प्रशिक्षण लागतं, आणि ते दोन्ही आपल्या हातात आहे. म्हणून जाहीरपणे लिहितो आहे.

२३ मार्च २०१६ चा बंगळुरूचा सामना आपल्याला आठवत असेल. टी-ट्वेंटी विश्वचषक, समोर बांगलादेश, शेवटचा चेंडू आणि जिंकायला त्यांना दोन धावा. हार्दिक पंड्याचा चेंडू फलंदाजाला लागला नाही, यष्टींमागे धोनीच्या हातात गेला. धोनीनं उजव्या हाताचा ग्लोव्ह आधीच काढून ठेवला होता, ही गोष्ट लोक अजून कौतुकानं सांगतात, आणि ती सांगण्यासारखीच आहे. मला मात्र त्याच्या पुढचे दोन सेकंद जास्त महत्त्वाचे वाटतात. बांगलादेशचा मुस्तफिजूर पलीकडच्या टोकाकडून सुटला होता. धोनीनं चेंडू फेकण्याचा धोका पत्करला नाही. तो सरळ यष्टींकडे पळत सुटला, मुस्तफिजूरच्या आधी पोचला आणि भारत एका धावेनं जिंकला. तीन वर्षांनी, १० जुलै २०१९ ला मँचेस्टरमध्ये विश्वचषकाच्या उपांत्य सामन्यात, तोच धोनी दुसरी धाव घेताना न्यूझीलंडच्या गप्टिलच्या थेट फेकीवर काही इंचांनी धावबाद झाला आणि भारत १८ धावांनी हरला. क्रीझपासून क्रीझपर्यंतचं अंतर १७.६८ मीटर आहे. इतक्याशा अंतरात एका सामन्याचं दान आपल्या बाजूनं पडलं आणि दुसऱ्याचं विरुद्ध, आणि दोन्ही वेळा धाव सरळ रेषेतलीच होती.

फुटबॉलमध्ये याचा नीट अभ्यासही झालेला आहे. जर्मनीच्या बुंडेसलिगातल्या २००७-०८ हंगामाच्या उत्तरार्धातले ३६० गोल संशोधकांनी चित्रफितींवरून एकेक करून तपासले आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. गोल करणाऱ्या खेळाडूनं गोलच्या लगेच आधी काय केलं, हा प्रश्न होता. सुमारे ४५ टक्के गोलांच्या आधी त्यानं सरळ रेषेत वेगानं धाव घेतली होती. उडी, गिरकी, दिशा बदलणं, सगळं सरळ धावेच्या मागे होतं. या धावांपैकी बहुतेक चेंडू पायात नसताना आणि शेजारी प्रतिस्पर्धी नसताना घेतलेल्या होत्या. आमच्या शाहू स्टेडियमच्या गॅलरीत बसणाऱ्या माणसाला हे ऐकून नवल वाटणार नाही. बचावफळीच्या मागे मोकळ्या जागेत चेंडू पडला की पाटाकडील संघाचा समर्थक असो की दिलबहारचा, तो उठून उभा राहतो, कारण पुढच्या तीन सेकंदांत जो आधी पोचेल त्याचा चेंडू. २०१८ च्या विश्वचषकात कझानला एकोणीस वर्षांच्या एम्बापेनं अर्जेंटिनाविरुद्ध स्वतःच्या अर्ध्यातून जी धाव काढली आणि पेनल्टी मिळवली, ती कोल्हापुरातल्या पेठापेठांत पोरांनी मोबाइलवर घासून घासून पाहिली. पाहिली सगळ्यांनी, तशी धाव सरावात किती जणांकडून करून घेतली जाते, हा माझा प्रश्न आहे.

खो-खोकडे येतो, कारण तिथे हा विषय आपल्या मातीतला आहे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. पुरुष आणि महिला, दोन्ही गटांत भारत जिंकला आणि दोन्ही कर्णधार महाराष्ट्राचे होते : प्रतीक वाईकर आणि प्रियांका इंगळे. त्यामुळे या खेळात आपल्याला कुणी काही शिकवायची गरज नाही, असं वाटणं साहजिक आहे. आणि खो-खो म्हणजे हुलकावणी, साखळी, खांबावरचं वळण, आकाशीय सूर. त्यात सरळ धावायचं कुठे, असंही कुणी म्हणेल.

पण नियम पाहा. संरक्षक हवा तसा वळतो, बसलेल्यांच्या मधून आरपार जातो, नागमोडी पळतो. आक्रमकाला तशी मुभा नाही. त्यानं एकदा दिशा घेतली की खांब गाठेपर्यंत मागे फिरता येत नाही आणि मधली पाटी ओलांडता येत नाही. म्हणजे खेळाच्या नियमांनीच आक्रमकाला सरळ रेषेत बांधून ठेवलं आहे. दोन खांबांमधलं अंतर जेमतेम २४ मीटर. त्या पट्टीत त्याच्याजवळ दोनच हत्यारं आहेत : वेळेवर दिलेला खो आणि सरळ धावण्याचा वेग. पहिल्यावर आपले प्रशिक्षक जीव तोडून मेहनत घेतात. दुसरं बहुतेक ठिकाणी देवाच्या भरवशावर सोडलेलं असतं.

खो मिळाल्यावर उठणाऱ्या मुलीला एकदा जवळून पाहा. ती पाटीत दबा धरून बसलेली असते, वजन चवड्यांवर, एक पाय किंचित पुढे. शंभर मीटरच्या धावपटूची सुटण्याच्या क्षणाची ठेवण बरीचशी अशीच असते. खो कानावर पडतो आणि बहुतेक मुली आधी उभ्या राहतात, मग धावतात. कंबर वर जाते, छाती सरळ होते, पहिलं पाऊल जवळजवळ जागच्या जागी पडतं, दुसरं लहान, आणि तिसऱ्या पावलाला कुठे पुढे जाण्याचा जोर येतो. तोवर संरक्षक दोन जागा पुढे सरकलेला असतो. आमच्या मैदानावर एका मुलीला तिचंच चित्रण फोनवर संथ गतीत दाखवलं. दोनदा पाहिलं आणि ती म्हणाली, ‘सर, मी तर नुसती उठतीय. पळतीय कुठं?’ तिला कुणी तोवर सांगितलंच नव्हतं की उठणं आणि धावणं वेगवेगळं करायचं नसतं; जमीन मागे ढकलत, अंग पुढे कललेलं ठेवूनच वर यायचं असतं. डोकं खाली, पहिली तीन-चार पावलं लांब आणि जोराची, आणि अंग हळूहळू उभं होत जाणारं. हे शिकवता येतं. हे शिकायला बारा वर्षांच्या मुलालाही फार वेळ लागत नाही.

यातून मिळतं किती? तीस मीटरला एक दशांश सेकंद कमी झाला, तर ऐकायला काहीच वाटत नाही. पण सेकंदाला आठ मीटर वेगानं जाणारा खेळाडू तेवढ्या वेळात ८० सेंटिमीटर पुढे असतो. खो-खोत पाठीला बोट लागण्यात आणि हवेत हात मारण्यात एवढाच फरक असतो. हॉकीत स्टिक चेंडूला टेकण्यात आणि चेंडू गोलरक्षकाच्या पॅडला लागण्यातही तेवढाच.

मग आपण वेग का शिकवत नाही? याची कारणं आमच्या भागात तरी मला स्पष्ट दिसतात. एक म्हणजे तालमीची शिकवण. घाम गळाला तर मेहनत झाली, पाय लटपटायला लागले तर सराव झाला. कुस्तीसाठी ती शिकवण सोन्यासारखी आहे आणि तिनं या गावाला खूप काही दिलं आहे. वेगाचा सराव मात्र बाहेरून आळशी दिसतो. पोरगं तीस मीटर पळतं आणि तीन मिनिटं चालत फिरतं. पाहणाऱ्या पालकाला, संस्थाचालकाला वाटतं, हे काय टाइमपास चाललंय. मग शिक्षक बिचारा शिट्टी वाजवतो आणि म्हणतो, ‘चला, दहा राउंड.’

दुसरं कारण भरती. पहाटेपासून गावोगावच्या मैदानांवर भरतीची पोरं धावत असतात. पोलिस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, १०० मीटरही असतं; पण पोरांच्या डोक्यात असते ती मोठी धाव. खेळातली मुलं त्याच मैदानावर, त्याच पोरांच्या मागे धावायला लागतात. घरच्यांनाही ते पटतं, कारण उद्या नोकरीच्या कामी येईल. यात चूक कुणाचीच नाही. पण त्यातून तयार होतो तो मध्यम वेगानं बराच वेळ धावणारा खेळाडू.

आणि वरून येणारा संदेशही तसाच असतो. भारतीय क्रिकेट संघात तंदुरुस्तीची चर्चा निघाली की यो-यो चाचणीचं नाव येतं. पुढे दोन किलोमीटरची धाव आली, २०२५ मध्ये ब्राँको चाचणी आली. तिन्ही चांगल्या चाचण्या आहेत. तिन्ही दमसासाच्या आहेत. वर्तमानपत्रातून हे वाचणारा तालुक्याचा शिक्षक असाच अर्थ लावतो की तंदुरुस्ती म्हणजे दमसास. त्याच्यापर्यंत तीस मीटरच्या वेळेची बातमी कधी पोचतच नाही.

आता दुखापतीबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटते. सामना रंगात आलेला असतो, लांब पास पडतो, पोरगं सुटतं आणि दहा-पंधरा पावलांवर मागची मांडी धरून खाली बसतं. ‘शीर ओढली’ म्हणतात आमच्याकडे. स्प्रे मारतात, पट्टी गुंडाळतात, कुणी तेल चोळतं. तीन आठवड्यांनी ते पुन्हा मैदानात येतं आणि पुष्कळदा तीच मांडी पुन्हा धरतं. युरोपातल्या मोठ्या फुटबॉल क्लबांच्या दुखापतींची दीर्घकाळ नोंद ठेवली गेली आहे. तिथे २००१-०२ मध्ये एकूण दुखापतींत हॅमस्ट्रिंगचा वाटा सुमारे १२ टक्के होता. २०२१-२२ मध्ये तो २४ टक्क्यांवर गेला. जगातले उत्तमोत्तम फिजिओ हाताशी असताना ही स्थिती.

हा स्नायू ओढला कसा जातो, ते समजून घेतलं तर सरावाचा मार्गही दिसतो. पूर्ण वेगात धावताना पाय हवेतून पुढे येतो, तेव्हा गुडघ्याखालचा भाग झपाट्यानं पुढे फेकला जातो. पाऊल टेकण्याच्या नेमक्या आधी मागच्या मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच त्याला आवर घालत असतो. हा भार वेगाबरोबर सारखा वाढत नाही. शेवटच्या टप्प्यात, कमाल वेगाच्या जवळ, तो एकदम चढतो. ज्या मुलाकडून आठवडाभर सत्तर-ऐंशी टक्के वेगानंच धावून घेतलं जातं, त्याची मांडी हा भार सरावात पाहतच नाही. तो पहिल्यांदा पाहते ती थेट सामन्यात, ऐंशीव्या मिनिटाला, दमलेली असताना. वर्षभर पहिल्या चार धड्यांचा अभ्यास करून घ्यायचा आणि परीक्षा पाचव्यावर ठेवायची, असा हा प्रकार आहे.

आयर्लंडमध्ये गेलिक फुटबॉलच्या खेळाडूंवर झालेल्या, २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं की जे खेळाडू सरावात आणि सामन्यांत आपल्या कमाल वेगाच्या ९५ टक्क्यांच्या वर नियमितपणे जात होते, त्यांना दुखापतीचा धोका तुलनेनं कमी होता. अट एवढीच, की एकूण सरावाचा पाया भक्कम हवा आणि हा भार एकदम वाढवता कामा नये. व्यावसायिक क्लबांत आता खेळाडूच्या पाठीवरच्या जीपीएसवरून हेही पाहतात, की या आठवड्यात हा खेळाडू स्वतःच्या कमाल वेगाजवळ गेला की नाही. नसेल गेला, तर सामन्याआधी मुद्दाम नेतात. आपल्या शाळांकडे जीपीएस नसेल. पण तीस मीटरची पट्टी आणि घड्याळ कुठल्या शाळेत नाही?

एक गैरसमज इथेच दूर करायला हवा. बाजारात दोरीच्या शिड्या आणि रंगीत कोन आले आहेत. मुलं त्यातून टिकटिक पावलं टाकतात, व्हिडिओ छान दिसतो आणि त्याला वेगाचा सराव म्हटलं जातं. पाय भराभर हलवणं आणि वेगानं धावणं, यांचा संबंध वाटतो तेवढा नाही. २००० मध्ये अमेरिकेत पीटर वायंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मोजून दाखवलं : पाय हवेतून पुढे आणायला वेगवान आणि संथ माणसाला जवळपास सारखाच वेळ लागतो. फरक पडतो तो जमिनीला पाय लागलेला असतो त्या क्षणात. वेगवान माणूस तेवढ्या वेळात जमिनीवर अधिक जोर देतो. उसेन बोल्टनं २००९ मध्ये बर्लिनला ९.५८ सेकंदांत शंभर मीटर पार केले ते एकेचाळीस पावलांत; पावलांची टिकटिक नव्हे, प्रत्येक पावलामागचा जोर त्याला पुढे नेत होता. म्हणून शिडीपेक्षा उतार नसलेली सपाट जमीन, उड्या, मांड्यांची ताकद आणि मोकळी धाव यांवर मुलांचा वेळ खर्च व्हावा, असं माझं ठाम मत आहे.

सराव म्हणजे नेमकं काय, हेही सांगतो, कारण नाही तर हे पत्र तक्रारीवरच थांबेल. आठवड्यातून दोनदा, सरावाच्या सुरुवातीला, पंचवीस मिनिटं. शेवटी नाही, दमलेल्या पायांनी वेग शिकता येत नाही. आधी अंग नीट गरम करायचं : हलकं धावणं, गुडघे उचलून चालणं-उसळणं, हळूहळू वेग वाढवत दोन-तीन धावा. मग दहा-वीस मीटरच्या पाच-सहा जोरदार सुरुवाती. खो-खोच्या मुलांनी पाटीतल्या बैठकीतून, फुटबॉलच्या मुलांनी चालता चालता किंवा मागे वळून, हॉकीच्या मुलींनी हातात स्टिक घेऊन. नंतर लांबून वेग घेत येऊन मधले वीस मीटर पूर्ण वेगानं, असं तीन-चार वेळा. एवढंच. सगळं मिळून दोनशे-तीनशे मीटर. प्रत्येक धावेनंतर पुरेशी विश्रांती. दर दहा मीटरला साधारण एक मिनिट, हा धावण्याच्या प्रशिक्षकांचा जुना हिशेब आहे. पूर्ण वेगाला लागणारी ऊर्जा स्नायूत साठवलेल्या क्रिएटिन फॉस्फेटमधून येते. ती काही सेकंदांत बरीचशी संपते आणि परत भरायला मिनिटं लागतात. विश्रांती कापली की नाव वेगाचं राहतं आणि सराव दमसासाचा होतो. वेळ घसरायला लागली की थांबायचं, मग ठरलेल्या धावा बाकी असल्या तरी चालेल.

नवशिक्या मुलाला पहिल्या दिवशी शंभर टक्के पळवायचं नाही, हे प्रत्येक शिक्षकाला बजावून सांगावं लागेल. आधी ऐंशी, मग नव्वद, काही आठवड्यांनी पूर्ण. जोडीला मागच्या मांडीचा व्यायाम हवाच : गुडघ्यांवर बसून, जोडीदारानं घोटे धरलेले असताना हळूहळू पुढे झुकायचं, तो. त्याला साहित्य लागत नाही.

धावण्याची ढबही सुधारावी लागते. फुटबॉलची मुलं चेंडूकडे पाहून पाहून पाठीत वाकतात आणि तशीच पळतात. हॉकीत तर वाकणं अंगवळणीच पडलेलं असतं. पाऊल शरीराच्या खूप पुढे आणि टाचेवर पडतं, म्हणजे प्रत्येक पावलाला खेळाडू स्वतःच ब्रेक लावतो. चेंडू जवळ नसताना छाती वर, पाऊल कमरेच्या खाली, हात खांद्यातून मोकळे, एवढं सुधारलं तरी धाव हलकी होते. आणि कमाल वेग वाढला की मध्यम वेगानं धावणंही तुलनेनं सोपं जातं, म्हणजे ज्यांना स्टॅमिनाच हवा आहे त्यांचाही यात फायदाच आहे.

यावर आक्षेप आहेत, आणि काही बरोबर आहेत. सरळ धावून वळायला येत नाही. ऑस्ट्रेलियात वॉरन यंग यांनी २००१ मध्ये तपासलं तेव्हा सरळ धावेचा सराव केलेल्यांचा सरळ वेग वाढला, पण वळणावळणाच्या धावेत फारसा फरक पडला नाही. म्हणून हुलकावणीचा, वळण्याचा सराव बंद करा असं मी म्हणत नाही. तो आपल्याकडे होतोच. सरळ धावेचा होत नाही. कबड्डीलाही मी ओढूनताणून यात घालणार नाही. तेरा मीटरच्या मैदानात चढाईपटूला कमाल वेग गाठायला जागाच नसते. त्याला पहिल्या दोन-तीन पावलांचा स्फोट हवा, बाकी कौशल्य वेगळंच आहे. आणि वेग जन्मजात असतो हे म्हणणंही अर्धं खरं आहे. सगळ्यांना बोल्ट करता येणार नाही. पण ज्यानं कधी पूर्ण वेगानं धावायचा सरावच केला नाही, त्याच्यात सुधारणेला सगळ्यात जास्त जागा असते, आणि आपले बहुतेक शालेय खेळाडू नेमके याच गटात मोडतात.

आता मागणं. खेलो इंडियाच्या शालेय तंदुरुस्ती चाचणीत ५० मीटर धाव आहेच. म्हणजे वेग मोजायची सवय कागदावर आलेली आहे. ती संघाच्या रोजच्या सरावात उतरायला हवी. शालेय संघांतल्या प्रत्येक मुलामुलीची दहा आणि तीस मीटरची वेळ वर्षातून तीनदा, एकाच पद्धतीनं घेऊन शाळेच्या वहीत ठेवावी, असा आदेश आपल्याकडून निघावा. हातातल्या घड्याळानं मोजलेली वेळ इलेक्ट्रॉनिक वेळेपेक्षा साधारण पाव सेकंदानं चांगली दिसते, त्यामुळे एका शाळेची दुसऱ्या शाळेशी तुलना करायच्या फंदात पडू नये; मुलाची तुलना त्याच्याच मागच्या वेळेशी करावी. साध्या मोबाइलच्या संथ चित्रणावरूनही पुष्कळ अचूक मोजता येतं.

क्रीडा शिक्षकांच्या उजळणी वर्गांत या विषयाला किमान एक दिवस मिळावा, आणि तो व्याख्यानाचा नसावा. शिक्षकांना मैदानावर उतरवून स्वतः धावायला लावणारा असावा. विश्रांती का लागते, हे एकदा स्वतःच्या पायांना कळलं की शिक्षक पोरांची विश्रांती कापणार नाही. तालुका क्रीडा संकुलांत धावण्याचे प्रशिक्षक आहेत तिथे संघांच्या प्रशिक्षकांबरोबर आठवड्यातून एक सत्र एकत्र घेण्याची सोय व्हावी. आज दोघे एकाच मैदानाच्या दोन टोकांना असतात आणि एकमेकांशी बोलतही नाहीत. सिंथेटिक ट्रॅक सगळीकडे होणार नाही, हे मलाही कळतं. पण प्रत्येक संकुलात आणि जमेल त्या शाळेत साठ मीटर लांब, तीन-चार मुलं शेजारी शेजारी धावू शकतील एवढी रुंद, खडे वेचलेली, रोलर फिरवलेली सपाट पट्टी नक्की होऊ शकते. पावसाळ्यानंतर ती दुरुस्त करण्याची जबाबदारी कुणाची, तेही त्याच आदेशात लिहावं. नाही तर पहिल्या ऑक्टोबरमध्येच तिच्यात खड्डे पडतील.

आणि कृपा करून एक ओळ अशीही लिहा, की कुठल्याही संघात राउंड मारणं ही शिक्षा म्हणून दिली जाऊ नये. ज्या मुलाला धावणं शिक्षा म्हणूनच माहीत आहे, ते मूल जीव ओतून धावायला कधी शिकणार?

नव्या शैक्षणिक वर्षाच्या सरावाआधी हा आदेश निघाला, तर पुढच्या हिवाळ्यातल्या आंतरशालेय स्पर्धांपर्यंत फरक दिसायला लागेल. कोल्हापूर जिल्ह्यातल्या ज्या शाळा तयार असतील, त्यांच्या क्रीडा शिक्षकांना मैदानावर येऊन हे सगळं विनामूल्य दाखवायला मी आणि माझे धावण्याचे सहकारी प्रशिक्षक तयार आहोत. आपल्या कार्यालयानं तारीख कळवावी.

आपला,
एक धावण्याचा प्रशिक्षक
कोल्हापूर